नवसाची कोंबडी आजारी पडते तेव्हा

आपली कोंबडी आजारी आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कापली का नाही?" जरा बऱ्या मनाची माणसं "अगं, कोंबडीच ना ती," एवढ्यावर सोडतात. दोन्हींचा मला इतका वीट आला की शेवटी हे लिहायला बसले. ज्यांच्या घरात कोंबडी दुखण्यात पडली आहे आणि ज्यांना कोणी सरळ उत्तर देत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल. मला राग पटकन येतो हेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको.

मी मूळची सांगलीची. कडकोळच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आले आणि प्रकाशशी लग्न करून इथलीच झाले. प्रकाशचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं मराठी. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, हे मला साखरपुड्याआधी तीन-तीन माणसांनी ऐकवलं. घरात मराठी बोलतात, पण मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये कुठे उतरेल याचा नेम नाही. सासूबाईंना मी इथल्या रिवाजाप्रमाणे अत्ते म्हणते. आम्ही तिघं म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीला राहतो. आमच्या मागचे दोन प्लॉट अजून रिकामे आहेत, म्हणून कोंबडीला फिरायला जागा होती.

कोटीण

एच. डी. कोट्याकडच्या खेड्यातून अत्तेंच्या भावाने आणली म्हणून तिचं नाव कोटीण. तांबडी, गावरान, मानेवर काळी पिसं, आणि स्वभाव सांगायचा तर माझ्यासारखा. कुरिअरवाला असो, मीटर वाचायला आलेला असो, शेजारचं मांजर असो, कोणाची गय नाही.

पाळायला म्हणून ती आली नव्हती. काही वर्षांपूर्वी रिंग रोडवर प्रकाशच्या मोटारसायकलला टेम्पोने उडवलं. तो शुद्धीवर येत नव्हता. मी डॉक्टरांशी भांडत होते आणि अत्ते आयसीयूच्या बाहेर जमिनीवर बसून त्यांच्या माहेरच्या मारम्मा देवीशी बोलत होत्या. पोरगा आपल्या पायांनी घरी आला तर तुला कोंबडी देईन, असं त्या देवीला बोलल्या. पोरगा आपल्या पायांनी घरी आला, आणि त्यापाठोपाठ पिशवीतून कोटीण आली.

पुढच्या मारी हब्बाला, म्हणजे देवीच्या जत्रेत, तिला द्यायचं ठरलं होतं. त्या वर्षी भावकीत सूतक निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी कोटीण नेमकी खुडूक बसली, आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी कापत नाहीत. मग अत्तेंचे गुडघे दुखायला लागले. मग कोणी सोबतीला मिळेना. दर वर्षी जत्रा जवळ आली की एक कारण सापडायचं आणि दर संध्याकाळी सीरियल लागली की कोटीण अत्तेंच्या पायाशी येऊन बसायची. काय चाललंय ते मला कळत होतं, प्रकाशलाही कळत होतं. आम्ही दोघंही मूग गिळून बसलो. बोललो असतो तर अत्तेंना ती द्यावी लागली असती.

असं घोंगडं भिजत ठेवलं की ते कधीतरी कुजतं. आमचं कोटीणच्या पोटात कुजलं.

"लॉट किती पक्ष्यांचा?"

आधी तिने अंडी देणं थांबवलं. मग ती पाय फाकवून चालायला लागली, दिवस भरलेल्या बाईसारखी. पोटाखाली हात घातला तर गरम पाण्याची रबरी पिशवी धरल्यासारखं लागायचं. तुरा फिका पडला होता. ज्या दिवशी तिने कुरिअरवाल्याला काही न करता जाऊ दिलं, त्या दिवशी मी रजा टाकली.

पहिला दवाखाना जनावरांचा होता. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "लॉट किती पक्ष्यांचा?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. त्यांनी पावडरचं एक पाकीट पुढे सरकवलं. पाठीमागे लिहिलं होतं, हजार पक्ष्यांच्या पाण्याच्या टाकीत मिसळा. मी दिवसभर लॅबमध्ये काट्यावर मिलिग्रॅम मोजणारी बाई. विचारलं, एका पक्ष्याला किती? ते म्हणाले, "एका पक्ष्याला औषध कोण देतं, मॅडम? लगेच कापलं तर मांस तरी कामी येईल." मागे उभा असलेला माणूस फिदीफिदी हसला. त्यावर मी जे बोलले ते अस्सल सांगलीचं होतं. शब्द त्यांना कळले नसतील, पण भाव पोचला.

दुसरा दवाखाना कुत्र्यामांजरांचा. तिथे कोंबडी बघतात की नाही हे फोन करून विचारलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्या म्हणाल्या, घेऊन या. बाकावर आमच्या शेजारी एक लॅब्राडोर होता आणि त्याचे मालक त्याचा पट्टा खेचत हसत होते. "सॉरी हं, त्याला वाटतंय त्याचं जेवण आलं." अख्ख्या रांगेला ते फार विनोदी वाटलं. अत्तेंनी कोटीणवर पदर घातला आणि त्या माणसाकडे अशा नजरेने बघितलं की त्याने जागा बदलली. घोडदळाचं घराणं मला तेव्हा पहिल्यांदाच दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सुईने पोटातलं पिवळं पाणी काढलं आणि मला एकटीला आत बोलावून सांगितलं. अंडी तयार होतात त्या जागी गाठ आहे. पाणी पुन्हा भरणार. भरेल तसं काढत राहता येईल, गोळ्या देता येतील. ऑपरेशन बंगळूरूला कोणी केलं तर करेल, पण ती टेबलावरून उठेल असं त्या म्हणू शकत नव्हत्या. नाहीतर इंजेक्शन देऊन झोपवता येईल. "घरी विचार करा," त्या म्हणाल्या. त्या खूप गोड आवाजात बोलल्या. मला त्या गोड आवाजाचाही राग आला.

ऑटोतलं भांडण

परत येताना ऑटोत मी अत्तेंना सगळं सांगितलं.

"झोपवायची म्हणजे?" अत्ते म्हणाल्या.

"इंजेक्शन देतात. दुखत नाही."

"मारायची म्हण की. बेडा. मला ते नको. ती देवीला बोललेली आहे."

"मग देवीला देऊन तरी टाका."

"अय्यो, आजारी देतात काय गं? लंगडी चालत नाय, आजारी चालत नाय. सांगलीत तुम्हाला एवढं पण शिकवत नाय?"

"मग इंजेक्शन."

"देवीच्या नावावरची दुसऱ्यानं मारायची नाय."

"आणि अशीच मेली तर?"

अत्तेंनी कोटीणवरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाल्या, "तर बोललेलं फिटलं नाय. मग ते प्रकाशवर येतंय."

तिथे सगळं येऊन थांबत होतं. देता येत नाही, मारता येत नाही, मरू देता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली कोटीण, जिला यातलं काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, आपण दुसरी कोंबडी आणू, छान धडधाकट, ती द्या. अत्ते म्हणाल्या, "बोललेली हीच. नवरा आजारी पडला तर तू दुसरा आणतेस काय?"

"म्हणजे हिला बरी करायची ती कापायला?" मी ओरडले. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं. अत्तेंनी तोंड फिरवलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत आणि मीही त्यांना जेवा म्हटलं नाही.

रोजचं

औषधपाण्यात मात्र त्या माझ्यापेक्षा सरस निघाल्या. मी चोच उघडायला गेले की कोटीण मान फिरवायची, गोळी फरशीवर. अत्ते नाचणीच्या मुद्देतून, म्हणजे शिजवलेल्या उंड्यातून, बोराएवढी गोळी वळायच्या, आत औषध दाबायच्या, आणि काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटत तिच्यापुढे धरायच्या. ती गिळायची. सकाळी कडकोळची कंपनीची बस यायच्या आत मी तिचं बूड कोमट पाण्याने धुऊन, पुसून, जिन्याखालच्या खोक्यात कोरडं गोणपाट घालायचे. आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता हे करायचो. "टॉवेल." "हं." "पाणी." "हं."

पाणी काढून आणलं की पहिले काही दिवस ती खरंच बरी दिसायची. पपईच्या सालींवर तुटून पडायची. एकदा तर तिने कुरिअरवाल्याच्या बुटावर टोच मारली. तो शिव्या देत होता आणि मी दारात उभी राहून आनंदाने रडत होते. आजारपणात असे दिवस येतात. ते आले की घ्यावेत, त्यांच्यावर पुढचे बेत बांधू नयेत.

आणि लोकांचं ऐकू नये. इथे नोकरीला आलेल्या मराठी मंडळींचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मूर्खासारखं मी तिथे विचारलं, कोणाला पक्ष्यांचा चांगला डॉक्टर माहीत आहे का. एकाने नाटी कोळी सारूची, म्हणजे गावरान रश्श्याची, रेसिपी टाकली आणि खाली बारा जणांनी हसरे चेहरे. एका ताईंनी लिहिलं की जीव घ्यायचा विचार तरी तुमच्या मनात कसा येतो. दुसऱ्या एकाने लिहिलं, निसर्गावर सोडून द्या. निसर्गावर सोडणं म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. पोटातलं पाणी वर चढतं, श्वासाला जागा उरत नाही, आणि ती चोच उघडून बसून राहते. हे मी त्याला लिहिलं आणि ग्रुप सोडला.

सगळ्यात जास्त राग मला प्रकाशचा आला. "तुम्ही दोघी ठरवा," एवढंच तो म्हणायचा आणि हात झटकून शिफ्टला जायचा. सगळा मामला याच्या जिवाचा, आणि हाच पाहुण्यासारखा. एका रविवारी मी भांडी आपटत म्हटलं, "तुझ्या नावाचा नवस आहे. तू एकदा आईला सांग की मला काही होत नाही, विषय संपेल."

त्याने पेपर खाली ठेवला. "नाही सांगू शकत."

"का?"

"कारण मला भीती वाटते. त्या टेम्पोनंतर गाडीला किक मारताना रोज वाटते. अम्मा रोज काहीतरी पुटपुटते तेव्हा मी निघतो. मी कसा सांगू तिला, पुटपुटू नकोस म्हणून?"

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मला त्याची दया यायला हवी होती. आली, पण नंतर. त्या वेळी मी म्हटलं, "म्हणजे तुम्हा मायलेकांच्या भीतीपायी कोटीणने गुदमरायचं," आणि आत गेले.

त्या सकाळी

दोन वेळा पाणी काढण्यातलं अंतर कमी कमी होत गेलं. डॉक्टरीणबाई दर वेळी माझ्याकडे बघायच्या आणि मी नजर चुकवायचे. मग एका सकाळी कोटीण खोक्याबाहेर आलीच नाही. मान लांब करून, चोच उघडून बसली होती. तुरा जांभळा पडला होता. अत्तेंनी नाचणीची गोळी पुढे धरली, ती चोचीतून घरंगळून खाली पडली. त्यांनी ती उचलून पुन्हा धरली, पुन्हा पडली.

अत्ते उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चांगली साडी नेसली होती आणि हातात हळदकुंकवाची डबी आणि पाण्याचा तांब्या होता. मला वाटलं, झालं, आता ही बाई मरणाऱ्या जिवाला बसमध्ये घालून देवळात नेणार. मी भांडायला तोंड उघडलं.

"ऑटो बोलाव," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जायचं."

प्रकाश शिफ्टवर होता. त्याला फोन करू का विचारलं तर म्हणाल्या, "त्याला नको. त्याचं नाव यात आणायचं नाय."

दवाखान्यात स्टीलच्या टेबलावर कोटीणला ठेवलं. अत्तेंनी तिच्या डोक्याला हळद लावली, कुंकू लावलं. डॉक्टरीणबाई इथल्याच, त्या काही न विचारता मागे सरकल्या. मग अत्तेंनी तांब्यातलं पाणी हातात घेतलं आणि माझ्या लक्षात आलं, त्या तिला इथेच देवीला द्यायला आल्या होत्या. हे आमच्याकडेही करतात. देवीला द्यायच्या जनावरावर पाणी शिंपडतात आणि थांबतात. त्याने अंग झाडलं की देवीने मानून घेतलं. झाडत नाही तोवर सुरी लावत नाहीत, मग माणसं ताटकळत उभी का राहीनात.

अत्तेंनी पाणी शिंपडलं. कोटीण हलली नाही.

पुन्हा शिंपडलं. पाणी पिसांवरून ओघळून टेबलावर आलं. बाहेर कुठलंतरी कुत्रं केकाटत होतं. डॉक्टरीणबाई सिरिंज पदराआड धरावी तशी हाताखाली लपवून उभ्या होत्या. तिसऱ्यांदा कोटीणने फक्त डोळा मिटून उघडला. अत्तेंनी हात मागे घेतला.

"नाय म्हणते," त्या म्हणाल्या. "देवी नाय म्हणते."

"अत्ते, कोणी नाही म्हणत नाहीये!" मी इतक्या जोरात ओरडले की काउंटरवरची मुलगी आत डोकावली. "तिच्यात अंग झाडायची ताकद उरलेली नाही! तुम्हाला दिसत नाही का?"

अत्तेंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी तांब्या टेबलावर आपटला आणि समोरच्या भिंतीशी बोलायला सुरुवात केली.

"ए मारम्मा. नोडु, इकडे बघ. एवढी वर्षं मी तुला फसवली. गुडघे दुखतात म्हटलं, सोबत नाय म्हटलं, सगळं खोटं. मला ही पायजे होती. तुला द्यायचं मन होत नव्हतं. तुला ठावं होतं की नाय? देवी ना तू? मग चांगली होती तेव्हा मागायचीस. तेव्हा गप बसलीस आणि आता हिच्या पोटात पाणी घालून बसलीस. हिनं काय केलं तुझं? बोलले मी, फसवलं मी. माझ्यावर काढ राग. म्हातारी आहे, मला ने. पण पोराच्या गाडीला हात लावलास तर तुझ्या देवळाची पायरी आमच्या घरातलं एक माणूस चढणार नाय. तिथं अंधारात एकटी बैस. साकु आता. पुरे झालं तुझं."

तोवर माझी समजूत होती की आमच्या घरात तापट मी एकटीच आहे.

"करू का, अम्मा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कर."

अत्तेंनी एक हात कोटीणच्या छातीखाली घातला आणि शेवटपर्यंत काढला नाही. फार वेळ लागला नाही. सकाळपासून उघडी राहिलेली चोच मिटली, एवढं मला आठवतं. मी अत्तेंच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोल पुरा, औषध अंगात आहे, कुत्र्याने जरी खाल्लं तरी मरेल. संध्याकाळी प्रकाशने मागच्या प्लॉटमध्ये खड्डा खणला. तिथे माती कमी आणि विटांचे तुकडे जास्त. तो घामाघूम झाला तरी अत्ते कडेला उभं राहून "अजून, अजून" म्हणत होत्या. तो रडत होता. मी त्याला रडू दिलं.

विचारणाऱ्यांसाठी

केव्हा ठरवायचं, असं मला आता लोक विचारतात. हसणारे नाही, खरोखर विचारणारे. मला एवढंच सांगता येतं की डॉक्टर पर्याय सांगतात, निर्णय सांगत नाहीत, आणि घरातली माणसं ज्याच्यावरून भांडतात ते बहुतेक वेळा कोंबडीबद्दल नसतंच. ते कशाबद्दल आहे ते लवकर शोधा. आम्ही उशीर केला. शेवटचे आठवडे तिच्यासाठी नव्हते, आमच्यासाठी होते, आणि ते तिने भोगले. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

अत्ते आता शांत झोपतात. त्यांचं देवीशी बोलून झालं आहे. पंचाईत माझी झाली. माझा नवसावर विश्वास नाही, कधी नव्हता. पण परवा संध्याकाळी प्रकाशची शिफ्ट सुटून बराच वेळ झाला, फोन लागेना, सर्कलकडून अॅम्ब्युलन्सचा आवाज आला आणि मी गेटवर जाऊन उभी राहिले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी हळूच मारम्माला म्हटलं, "त्या दोघांवर नको. इंजेक्शन द्यायचं म्हणणं माझं होतं. काय असेल ते माझ्यावर घे."

"सुम्ने, गप बैस गं," मागून आवाज आला. अत्ते पदराला हात पुसत उभ्या होत्या. "माझा नंबर आधी आहे. मी बोलून ठेवलंय. तू मध्ये घुसायचं नाय."

"मी घुसणार."

"नाय म्हटलं ना."

"वय झालंय म्हणून तुमचंच चालणार का सगळीकडे?"

तेवढ्यात कोपऱ्यावरून मोटारसायकलचा दिवा वळला. प्रकाशने गाडी गेटपाशी थांबवली, हेल्मेट काढलं आणि आमच्याकडे बघत राहिला. "दोघी बाहेर काय करताय?"

"भांडतोय," अत्ते म्हणाल्या.